मेमरी कार्डांची भाऊबंदकी

मेमरी कार्ड ही काही इतिहास लिहिण्याजोगी वस्तू आहे असं सहसा कुणाला वाटत नाही. नखाएवढा काळा तुकडा. हरवला तर दोन मिनिटं सोफ्याखाली शोधायचा, नाही सापडला तर नवा मागवायचा. पण १९९४ ते २००५ या अकरा वर्षांत बाजारात आलेल्या कार्डांची नुसती नावं बघा: कॉम्पॅक्टफ्लॅश, स्मार्टमीडिया, एमएमसी, मेमरी स्टिक, एसडी, एक्सडी, मिनीएसडी, आरएस-एमएमसी, मायक्रोएसडी. (एकेकाच्या ‘प्रो’, ‘ड्युओ’, ‘प्लस’ वगैरे आवृत्त्या यात धरलेल्याच नाहीत.) बहुतेकांचं कार्ड दुसऱ्याच्या स्लॉटमध्ये बसायचं नाही. आणि गंमत म्हणजे सगळ्यांच्या पोटात माल एकच, फ्लॅश मेमरी. वाडा एक आणि वाटण्या दहा.

मग यातलं एसडीच का टिकलं? नेहमीचं उत्तर असं की सोनीने हट्ट केला, बाकीच्यांनी एकी केली आणि स्वस्त माल जिंकला. ते खोटं नाही. पण गेले दोन-तीन वीकेंड या विषयावर मिळेल ते वाचत बसल्यावर मला वाटायला लागलंय की खरा निकाल एका वेगळ्याच प्रश्नावर लागला. मेंदू कुठे ठेवायचा, कार्डात की कॅमेऱ्यात?

हा प्रश्न नीट कळायला जरा मागे जावं लागेल.

फ्लॅशच्या आधीही मेमरी कार्डं होती. १९८८ साली फुजीने डीएस-१पी नावाचा कॅमेरा दाखवला. फोटो डिजिटल स्वरूपात काढून काढता-घालता येणाऱ्या कार्डावर साठवणारा हा पहिला कॅमेरा मानतात. त्याचं कार्ड तोशिबाने बनवलेलं, २ एमबीचं, पण आत फ्लॅश नव्हे तर एसरॅम, म्हणजे वीज गेली की सगळं विसरणारी मेमरी. म्हणून कार्डातच एक बॅटरी! बॅटरी संपली की फोटो गेले. आणि फोटो तरी किती, पाच ते दहा. लॅपटॉपसाठीही त्याच सुमारास क्रेडिट कार्डाच्या आकाराची, जाडसर कार्डं आली. त्यांचं प्रमाण ठरवणाऱ्या संघटनेचं नाव पीसीएमसीआयए. हे नाव इतकं कुणाच्याही लक्षात राहायचं नाही की ‘पीपल कान्ट मेमराइज कॉम्प्युटर इंडस्ट्री अ‍ॅक्रोनिम्स’ असा त्याचा विनोदी विस्तार लोकांनी करून टाकला. असो.

म्हणजे कार्डाची कल्पना होती, अडलं होतं ते मेमरीपाशी. वीज नसतानाही लक्षात ठेवणारी, पण पुन्हा पुन्हा खोडून लिहिता येणारी स्वस्त चिप हवी होती.

तशी चिप अगदीच नव्हती असं नाही. ट्रान्झिस्टरच्या आत चारी बाजूंनी इन्सुलेशनमध्ये गुंडाळलेला एक कप्पा ठेवायचा आणि त्यात इलेक्ट्रॉन कोंडायचे, ही फ्लोटिंग गेटची कल्पना १९६७ साली बेल लॅब्जमध्ये डावन कांग आणि सायमन झे यांनी मांडली होती. इलेक्ट्रॉन आत असले तर शून्य, नसले तर एक. कोंडलेले इलेक्ट्रॉन वीज बंद केली तरी आतच राहतात. यावरूनच १९७१ साली इंटेलच्या डोव्ह फ्रोमन यांनी ईप्रॉम बनवली. तिचा एकच ताप, खोडायचं असेल तर चिप सर्किटमधून काढून, तिच्या काचेच्या खिडकीतून अल्ट्राव्हायोलेट प्रकाश सोडत बसायचं. पुढे विजेनेच खोडता येणारी ईईप्रॉम आली. ती एकेक बाईट वेगवेगळा खोडू शकायची, पण त्यासाठी एका बिटला दोन-दोन ट्रान्झिस्टर लागायचे. म्हणजे महाग.

इथे आपल्या गोष्टीत फुजिओ मासुओका येतात.

मासुओका १९७१ साली तोशिबात लागले. त्यांच्या नेमून दिलेल्या कामात हे बसत नव्हतं, म्हणून रात्री आणि सुट्टीच्या दिवशी ते यावर डोकं चालवत असत. त्यांनी केलं काय, तर एक सोय सोडून दिली. एकेक बाईट वेगळा खोडता आलाच पाहिजे हा हट्ट कशाला? खोडायचंय तर मोठाच्या मोठा गठ्ठा एका झटक्यात खोडू. एवढं मान्य केलं की एका बिटला एक ट्रान्झिस्टर पुरतो आणि किंमत धाडकन खाली येते. या ‘एका झटक्यात’ खोडण्यावरून त्यांचे सहकारी शोजी आरिइझुमी यांना कॅमेऱ्याच्या फ्लॅशची आठवण झाली आणि नाव पडलं फ्लॅश. १९८४ च्या डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्कोच्या परिषदेत मासुओकांनी हे मांडलं. तीन वर्षांनी, १९८७ मध्ये, त्यांनी दुसरा प्रकार आणला. मेमरीचे कप्पे माळेत मणी ओवावेत तसे एकामागे एक जोडायचे, म्हणजे प्रत्येकाला वेगळी तार नको. हा झाला नँड. तुमच्या फोनमध्ये, पेनड्राइव्हमध्ये, एसएसडीमध्ये, कार्डात, सगळीकडे आज हाच आहे.

सोय सोडून देऊन काहीतरी मोठं मिळवण्याची ही पद्धत मला फार आवडते. आपण इंजिनियर लोक सगळ्यात जास्त वेळ कशात घालवतो, तर क्लायंटने कधी न वापरायच्या सोयी सांभाळण्यात.

तोशिबाने मात्र या माणसाचं काय केलं? इंटेलला या शोधात धंदा दिसला आणि १९८८ मध्ये त्यांनी पहिल्या प्रकारच्या फ्लॅशच्या, म्हणजे नॉरच्या, चिपा विकायला आणल्या. तोशिबाकडून मासुओकांना काही शे डॉलरचा बोनस मिळाला, असं ‘फोर्ब्स’ने २००२ साली छापलं. १९९४ मध्ये ते कंपनी सोडून तोहोकू विद्यापीठात प्राध्यापक झाले. २००४ साली त्यांनी तोशिबावर खटला भरला, मागणी १०० कोटी येनची. २००६ मध्ये ८ कोटी ७० लाख येनवर तडजोड झाली. आता पुढचा भाग वाचा. अमेरिकेतल्या अणुभट्ट्यांच्या धंद्यात तोशिबा बुडायला आली तेव्हा तिला वाचवायला विकण्यासारखं काय होतं, तर हाच मेमरीचा विभाग. २०१८ मध्ये तो जवळपास १८ अब्ज डॉलरला गेला आणि २०१९ पासून त्याचं नाव किऑक्सिया झालं. ८ कोटी ७० लाख येन आणि १८ अब्ज डॉलर. हिशोब तुमचा तुम्ही करा.

आता मेंदूच्या प्रश्नाकडे येऊ.

फ्लॅश स्वस्त आहे, पण स्वभावाने अवघड आहे. लिहिलेल्यावर थेट पुन्हा लिहिता येत नाही, आधी अख्खा ब्लॉक खोडावा लागतो. प्रत्येक खोडण्यागणिक इन्सुलेशन थोडं थोडं झिजतं, त्यामुळे तोच ब्लॉक सारखा वापरला तर तो आधी मरतो. काही ब्लॉक तर कारखान्यातूनच बिघडलेले येतात. वाचताना मधूनच एखादा बिट चुकतो. म्हणजे कुणीतरी सतत मागे उभं राहून हे सांभाळायला हवं: झीज सगळीकडे सारखी वाटायची, मेलेले ब्लॉक बाजूला काढायचे, चुका दुरुस्त करायच्या आणि कुठली फाईल प्रत्यक्षात कुठे आहे याची वही ठेवायची. ही वही ठेवणारी चिप म्हणजे कंट्रोलर. आपण त्याला मेंदू म्हणतोय.

किराण्याच्या दुकानाची कल्पना करा. पहिल्या पद्धतीत काउंटरवर वाणी आहे. तुम्ही म्हणता, ‘एक किलो तूरडाळ द्या’, तो आत जाऊन आणून देतो. गोदामात डाळ कुठल्या पोत्यात आहे, काल कुठे होती, उंदरांनी कुठलं पोतं खाल्लं, याच्याशी तुम्हाला देणंघेणं नाही. दुसऱ्या पद्धतीत वाणीच नाही. तुम्ही थेट गोदामात शिरायचं आणि डाळ शोधायची. वाण्याचा पगार वाचला, डाळ स्वस्त पडली. पण उद्या मालकाने गोदामाची रचना बदलली तर?

पहिली पद्धत सॅनडिस्कची. एली हरारी, जॅक युआन आणि संजय मेहरोत्रा या तिघांनी १९८८ मध्ये ही कंपनी काढली. (मेहरोत्रांचा जन्म कानपूरचा, सुरुवातीचं शिक्षण पिलानीच्या बिट्समध्ये, मग बर्कली. २०१७ पासून ते मायक्रॉनचे प्रमुख आहेत.) कंपनीचं मूळ नाव सनडिस्क. सन मायक्रोसिस्टिम्सशी घोटाळा नको म्हणून १९९५ मध्ये एक अक्षर बदललं. हरारींचं म्हणणं सरळ होतं. फ्लॅश कधीच निर्दोष होणार नाही, तेव्हा तिचे दोष झाकणारा मेंदू तिच्यासोबतच विकायचा. १९९१ मध्ये त्यांनी आयबीएमला २० एमबीची एक ड्राइव्ह बनवून दिली, किंमत हजार डॉलरच्या आसपास. आणि १९९४ मध्ये आलं कॉम्पॅक्टफ्लॅश. काड्यापेटीएवढं, ५० पिनांचं, आत कंट्रोलर.

या कार्डाची खरी हुशारी अशी की ते स्वतःला हार्ड डिस्क म्हणवून घ्यायचं. कॉम्प्युटरला हार्ड डिस्कशी कसं बोलायचं ते माहीतच होतं, तीच भाषा हे कार्ड बोलायचं. त्यामुळे १९९९ मध्ये आयबीएमने १७० आणि ३४० एमबीच्या खऱ्याखुऱ्या फिरत्या तबकडीच्या मायक्रोड्राइव्ह याच घाटात आणल्या, तेव्हा कॅमेऱ्याने तक्रार केली नाही. आत फ्लॅश आहे की गरगर फिरणारी तबकडी, त्याला काय करायचंय!

दुसरी पद्धत तोशिबाची. १९९५ सालचं स्मार्टमीडिया. नावात स्मार्ट आणि आत मेंदूच नाही :) ०.७६ मिलिमीटर जाडीचं, म्हणजे जवळपास एटीएम कार्डाइतकं पातळ, आत नँडची चिप आणि बाहेर सोनेरी पट्ट्या. बस्स. सगळं काम कॅमेऱ्याने करायचं. दिसायला फारच देखणं प्रकरण. त्यावर कुणी लिहू नये असं वाटलं तर एक चंदेरी गोल स्टिकर चिकटवायचा. फुजी आणि ऑलिम्पस यांनी ते उचललं आणि दोन-चार वर्षं बाजारातला मोठा वाटा त्याचाच होता. स्वस्त होतं ना.

मग गोदामाची रचना बदलली. नवीन चिपा मोठ्या आल्या, त्यांच्या ब्लॉकचे आकार बदलले, आधी ५ व्होल्टवर चालायच्या त्या ३.३ वर आल्या. कॉम्पॅक्टफ्लॅशच्या बाबतीत हे सगळं आतल्या आत मिटायचं. स्मार्टमीडियाच्या बाबतीत जुन्या कॅमेऱ्याला नवीन कार्ड ओळखताच यायचं नाही. कुठे फर्मवेअर बदलून घ्या, कुठे तेही नाही. शेवटी १२८ एमबीच्या पुढे स्मार्टमीडिया गेलंच नाही.

आता कुणी म्हणेल, या अनुभवावरून शहाणपण आलं असेल. छे! २००२ मध्ये ऑलिम्पस आणि फुजीने मिळून एक्सडी काढलं, पुन्हा कंट्रोलरशिवाय. पुन्हा तोच खेळ: आतली चिप बदलून ‘एम’ आणि ‘एच’ प्रकारची कार्डं आली, ती काही जुन्या कॅमेऱ्यांत चालेनात. २ जीबीवर ते संपलं. त्यावर याहून जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

पण मग मेंदू असलेली सगळीच कार्डं जिंकली का? नाही. मेमरी स्टिकमध्ये कंट्रोलर होता. सोनीने ती १९९८ मध्ये आणली, च्युइंगगमच्या पट्टीसारखी लांबट. अडचण वेगळीच झाली. सोनीने आखलेली पहिली रचना १२८ एमबीलाच संपली. मग काय केलं, तर एकाच स्टिकमध्ये १२८-१२८ एमबीचे दोन भाग आणि मागे एक बारीक बटण. पहिला भाग भरला की स्टिक बाहेर काढायची, बटण सरकवायचं, पुन्हा घालायची. (हे डिझाइन ज्या मीटिंगमध्ये मंजूर झालं त्या मीटिंगला हजर राहायला मला आवडलं असतं.) पुढे प्रो आली, ड्युओ आली, एम२ आली आणि दरवेळी सोनीच्या गिऱ्हाइकाने नवीन कार्ड विकत घेतलं. जानेवारी २०१० मध्ये सोनीने स्वतः एसडी कार्डं विकायचं जाहीर केलं. हात टेकले म्हणायचे! आणि पुढच्याच वर्षी प्लेस्टेशन व्हिटासाठी पुन्हा स्वतःचं वेगळं, महागडं कार्ड काढलं. जित्याची खोड.

एसडीची वंशावळ एमएमसीपासून सुरू होते. १९९७ मध्ये सॅनडिस्क आणि सीमेन्सने टपाल तिकिटाएवढं कार्ड काढलं, फक्त ७ पिना आणि आत मेंदू. ऑगस्ट १९९९ मध्ये सॅनडिस्क, तोशिबा आणि मात्सुशिता (आपली पॅनासॉनिक) यांनी त्यावरच आधारलेलं एसडी जाहीर केलं. तारीख बघा. त्याच वर्षीच्या जूनमध्ये नॅपस्टर सुरू झालं होतं आणि गाण्यांच्या कंपन्या हवालदिल झालेल्या होत्या. एसडीतला ‘एस’ म्हणजे सिक्युअर, तो त्यांच्या समाधानासाठी. गाणी कॉपी होऊ नयेत म्हणून कार्डात कुलूपबंद जागा ठेवली होती. सामान्य माणसाने ते कुलूप कधी वापरलंच नाही, आणि पुढे हेच कार्ड फुकटची गाणी वाटण्याचं सगळ्यात मोठं साधन झालं, निदान आपल्याकडे तरी. लोगोची गोष्टही अशीच. त्यातला ‘डी’ गोल तबकडीसारखा का दिसतो? कारण तो लोगो मुळात तोशिबाच्या ‘सुपर डेन्सिटी’ डिस्कसाठी काढलेला होता. ती डिस्क पुढे डीव्हीडीत विरघळली, लोगो शिल्लक राहिला, म्हणून इथे वापरला. आणि कडेला ते ‘लॉक’चं बटण असतं ना, ते निव्वळ प्लॅस्टिक आहे. आतल्या कंट्रोलरला त्याचा पत्ताच नसतो. कॅमेऱ्याच्या स्लॉटने ते बघायचं आणि स्वतःहून लिहिणं टाळायचं. सगळा मेंदू कार्डात घातला आणि कुलूप तेवढं बाहेरच्याच्या भरवशावर!

तरीही एसडीने एक गोष्ट फार बरोबर केली. स्लॉट आणि कार्ड यांच्यातलं बोलणं इतकं साधं ठेवलं की चारपाच तारांवर एखादा साधा मायक्रोकंट्रोलरही कार्डाशी बोलू शकतो. आणि ते बोलणं चिपच्या आतल्या रचनेबद्दल काहीच सांगत नाही. त्यामुळे एका कप्प्यात एक बिट ठेवणारी फ्लॅश जाऊन दोन, तीन, चार बिट ठेवणारी आली, मग थरांवर थर रचलेली आली, पण स्लॉटला कळलंही नाही.

अगदीच अडचण आली नाही असं नाही. वाचण्याच्या आज्ञेत पत्ता लिहायला ३२ बिट होते आणि पत्ता बाईटमध्ये मोजायचा. ३२ बिटांत ४ जीबीच्या पुढचा पत्ता मावत नाही, प्रमाणाने तर २ जीबीवरच रेघ मारली होती. २००६ मध्ये एसडीएचसी आलं तेव्हा त्यांनी युक्ती काय केली? आज्ञा तीच, बिट तेवढेच, फक्त पत्ता बाईटऐवजी ५१२ बाईटच्या ठोकळ्यांत मोजायचा. कमाल मर्यादा एकदम ५१२ पट, म्हणजे २ टीबी. २००९ मध्ये आलेल्या एसडीएक्ससीची मर्यादा बरोब्बर २ टीबी का आहे, याचं उत्तर या एका गुणाकारात आहे. जुने फोन २ जीबीच्या वरचं कार्ड का घेत नव्हते त्याचंही.

फोनवरून आठवलं. आपल्या पिढीच्या घरात कार्ड आलं ते कॅमेऱ्यातून नव्हे, फोनमधून. २००३ च्या नोकिया ६६०० मध्ये एमएमसी होतं, २००५ च्या एन७० मध्ये त्याचं अर्धं केलेलं आरएस-एमएमसी, सोनी एरिक्सनच्या वॉकमन फोनमध्ये मेमरी स्टिक. एका घरात तीन फोन आणि तीन कार्डं. हे मिटवलं मायक्रोएसडीने. २००४ मध्ये सॅनडिस्कने मोटोरोलासाठी ट्रान्सफ्लॅश नावाने ते बनवलं, २००५ मध्ये एसडीवाल्यांनी ते आपल्यात घेतलं. ११ बाय १५ मिलिमीटर, जाडी एक मिलिमीटर.

मी शाळेत होतो तेव्हा आमच्या तालुक्याच्या एसटी स्टँडसमोर निदान चार दुकानांवर ‘मेमरी कार्डमध्ये गाणी भरून मिळतील’ अशी पाटी होती. दहा-वीस रुपये द्यायचे, कार्ड काढून द्यायचं, दुकानदार विचारायचा, ‘काय भरू? जुनी, नवी, डीजे, भक्तिगीतं?’ आणि अख्खं फोल्डर ओतून द्यायचा. इंटरनेट परवडत नसलेल्या माणसाचं इंटरनेट म्हणजे ते कार्ड होतं. उसातून येणाऱ्या ट्रॅक्टरच्या स्पीकरला, वडापच्या जीपला, सलूनला गाणी पुरवणारी ही सगळी यंत्रणा (कायद्याने तिला काय म्हणतात ते आपल्याला माहीत आहे). सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि बघता बघता त्या पाट्या ‘रिचार्ज’ आणि ‘स्क्रीन गार्ड’वर आल्या.

त्याच काळात आपल्याला वाण्याचा दुसरा चेहराही दिसला. गोदामात काय आहे ते तुम्ही बघत नाही, वाणी सांगेल ते खरं मानता. मग वाणीच खोटं बोलला तर? कॉलेजात माझ्या रूममेटने रस्त्यावरच्या एका स्टॉलवरून ६४ जीबीचं कार्ड दोनशे रुपयांत आणलं. फोनमध्ये घातलं, फोनने ६४ जीबी दाखवलं. गोव्याच्या ट्रिपचे फोटो काढले, सगळ्यांची नावं आणि छोटी चित्रं गॅलरीत दिसत होती. घरी आल्यावर पहिले काही शे फोटो उघडले, पुढचा एकही नाही. आत ४ जीबीची चिप होती आणि कंट्रोलरला ‘६४ सांग’ असं शिकवून ठेवलेलं होतं. ४ जीबीच्या पुढे आलेला डेटा तो मुकाट्याने टाकून देत होता आणि फोनला ‘लिहिलं’ म्हणून कळवत होता.

हे करता येतं कारण कंट्रोलर म्हणजे एक छोटा कॉम्प्युटरच आहे, त्यात प्रोग्रॅम असतो. अँड्र्यू ‘बनी’ हुआंग या हार्डवेअर हॅकरने आणि त्याच्या साथीदाराने डिसेंबर २०१३ मध्ये हॅम्बर्गच्या परिषदेत दाखवून दिलं की काही एसडी कार्डांच्या कंट्रोलरमध्ये आपल्याला हवा तो कोड घालून चालवता येतो. म्हणजे तो कोड फाईल वाचता-लिहिता बदलूही शकतो. नवीन कार्ड आणलं की त्यावर पूर्ण क्षमतेइतका डेटा लिहून परत वाचून बघणं हाच खात्रीचा उपाय. विंडोजसाठी एच२टेस्टडब्ल्यू आणि लिनक्ससाठी एफ३ ही फुकट साधनं त्यासाठीच आहेत. ६४ जीबीला एखादी दुपार जाते, जाऊ द्या.

खोटं न बोलणाऱ्या कार्डाचीही एक गोष्ट पाटीवर लिहिलेली नसते. कोंडलेले इलेक्ट्रॉन कायमचे कोंडलेले नसतात, हळूहळू झिरपतात. एका कप्प्यात एकच बिट होता तेव्हा दोनच पातळ्या ओळखायच्या होत्या, थोडं झिरपलं तरी चालायचं. तीन बिट म्हणजे आठ पातळ्या, चार बिट म्हणजे सोळा. पातळ्या जितक्या जवळ जवळ, तितका थोडासा झिरपाही महागात पडतो. उष्णतेने ते आणखी लवकर होतं. घरगुती एसएसडीसाठी जेडेक या संस्थेचं जे मानक आहे त्यात अपेक्षा एवढीच आहे की पूर्ण झिजलेल्या ड्राइव्हने विजेशिवाय ३० अंश सेल्सिअसला एक वर्ष डेटा टिकवावा. नवंकोरं, कमी वापरलेलं कार्ड त्याहून पुष्कळ जास्त टिकतं. पण विदर्भात मे महिन्यात माळ्यावर ३० अंश नसतात. आईबाबांच्या जुन्या फोनमधलं, लग्नामुंजीच्या फोटोंचं जे कार्ड कपाटातल्या डबीत ठेवलंय, ते या वीकेंडला एकदा कॉपी करून घ्या. त्याच डबीतला फोटोंचा कागदी अल्बम बहुधा त्याच्यापेक्षा जास्त जगेल.

फोनमधून आता कार्डाचा स्लॉटच जायला लागलाय. आयफोनला २००७ पासून तो नव्हताच. सॅमसंगने गॅलेक्सी एस६ मध्ये २०१५ साली काढला, लोकांनी आरडाओरडा केल्यावर एस७ मध्ये परत दिला, २०२१ च्या एस२१ मध्ये पुन्हा काढला तो काढलाच. पाणी शिरू नये, वेग कमी पडू नये ही कारणं खरी आहेत, आणि जास्त स्टोरेजचा फोन चढ्या भावाने विकता येतो हेही खरं आहे. मजा अशी की स्वस्त फोनच्या आत जी मेमरी सोल्डर केलेली असते ती बऱ्याचदा ईएमएमसी असते. म्हणजे ते १९९७ चं एमएमसीच, फक्त स्लॉटमधून उठून थेट बोर्डावर जाऊन बसलेलं.

आणि एसडीचं? २०१८ मध्ये एसडी एक्स्प्रेस जाहीर झालं, २०१९ मध्ये मायक्रोएसडी एक्स्प्रेस. यात नवीन पिना घालून कार्ड सरळ एनव्हीएमई बोलतं, म्हणजे स्वतःला एसएसडी म्हणवून घेतं. कॉम्प्युटरला जी भाषा आधीच येते तीच बोलायची. १९९४ मध्ये कॉम्पॅक्टफ्लॅशने केलं होतं ते हेच, तेव्हा हार्ड डिस्क होती, आता एसएसडी आहे. पाच-सहा वर्षं या कार्डाला कुणी विचारलं नाही. जून २०२५ मध्ये निन्टेंडोचा स्विच २ आला तो मात्र गेमसाठी एक्स्प्रेस कार्डच मागतो. जुनं मायक्रोएसडी त्याच्या स्लॉटमध्ये बसतं, पण त्यावरून गेम चालत नाहीत. आधीच्या स्विचवरचे फोटो आणि व्हिडिओ तेवढे उतरवून घेता येतात.